कप्प्यात राहिलेले मत

मित्रांनो, मी एक जुनी पिकअप गाडी आहे, आणि माझ्या धन्याने मला फसवले आहे. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर तुम्ही म्हणाल, बिचारी म्हातारी गंजली, टायर बसले, म्हणून रडते आहे. गंजाचे मला दुःख नाही. आमच्या अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात बर्फ वितळावा म्हणून हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि ते मीठ गाड्यांची हाडे खाते. मीठ मी पोटभर खाल्ले आणि खाल्ल्या मिठाला जागलेही. माझे दुखणे वेगळे आहे.

माझा जन्म मिशिगनमधल्या एका कारखान्यात झाला. तिथे मला चाके मिळाली, दोन दारे मिळाली आणि अंगभर हिरवा रंग मिळाला. त्या रंगावर मी फार खूश होते. मग ऑर्लिन हाल्वर्सन मला विकत घ्यायला आला. तो उंच, कमी बोलणारा, टोपी कपाळावर ओढलेला गवळी होता. त्याच्याबरोबर त्याचा शेजारी क्लेटस स्लामा होता. तोही गवळीच, पण बुटका आणि तोंडाने फटाका. त्याने आल्या आल्या माझ्या चाकाला लाथ मारली.

"अरे, रंग बघ हा! कुजलेली काकडी वाटतेय."

"तुला कुणी बसायला सांगितलंय?" ऑर्लिन म्हणाला.

"बसणार तर मीच. तुझ्याशेजारी दुसरं कोण बसेल?"

आणि तो बसला. इतकी वर्षे बसला की त्या बाजूच्या गादीला त्याच्या अंगाचा खड्डा पडला. दोघांची कुरणे प्लम हॉलो गावात एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना होती. क्लेटसची स्वतःची गाडी होती, पण तिचे दार दोरीने बांधलेले असायचे, म्हणून जिथे जायचे तिथे माझ्यातूनच. मी वासरे वाहिली, पेंडीची पोती वाहिली, कुंपणाचे खांब वाहिले. थंडीत शेजारपाजारच्या गाड्या खोकत बसायच्या तेव्हा मी चालू व्हायचे. ऑर्लिन पेंडीच्या दुकानात सगळ्यांना ऐकवायचा, "माझी गाडी आणि माझा शब्द, दोन्ही पहिल्या चावीला चालू होतात." हे ऐकले की मला माझा रंग पुन्हा नवा झाल्यासारखे वाटायचे. ते वाक्य मी खरे मानले, हीच माझी चूक म्हणायची तर म्हणा.

आता निवडणुकीचे सांगते. आमच्याकडे दोन मोठे पक्ष आहेत. एकाचे चिन्ह हत्ती, दुसऱ्याचे गाढव. या दोन मित्रांपैकी एक हत्तीचा होता आणि एक गाढवाचा. कोण कुणाचा हे मी सांगणार नाही. सांगितले की तुम्ही लगेच बाजू घ्याल आणि गोष्ट तिथेच मरेल.

दर चार वर्षांनी, नोव्हेंबरातल्या त्या मंगळवारी, दोघे माझ्यात बसून गावाच्या सभागृहात जात आणि राष्ट्राध्यक्षासाठी मत देत. एकाचे मत दुसऱ्याच्या बरोबर विरुद्ध. बाहेर आले की क्लेटस हात झटकून म्हणायचा, "चला, फिट्टंफाट!" एकदा ऑर्लिनने विचारले, "शेवटी वजाबाकीच होणार, तर पेट्रोल कशाला जाळतोय आपण?" क्लेटस म्हणाला, "चर्चच्या बायका भोपळ्याचा केक ठेवतात तो काय घरी येणार आहे?" परतताना दोघांच्या मिशांना केकवरचे क्रीम लागलेले असायचे आणि वादही चालू असायचा. तो वाद रस्त्यावरच संपायचा. घराच्या फाटकातून कुणी तो आत नेला नाही. ही त्यांची रीत मला फार आवडायची.

मग ती एक निवडणूक आली. देशातली बाकीची राज्ये कुणाकडे जाणार हे म्हणे आधीच कळले होते. मोजक्या राज्यांत काट्याची टक्कर होती आणि त्यांत आमचे राज्य होते. माझा रेडिओ दिवसभर तेच बोलायचा. एक जाणकार म्हणाला, निकाल दुधाच्या भावावर ठरेल. दुसरा म्हणाला, बंद पडलेल्या कारखान्यांवर. एका बाईंनी शहराकाठच्या वसाहतींतल्या बायकांवर बोट ठेवले. कुणी पहिल्यांदाच मत देणाऱ्या पोरांची नावे घेतली, कुणी रुसून घरी बसणाऱ्यांची. एका गृहस्थाने तर मंगळवारी पाऊस पडेल की नाही यावरच सगळा वेळ घालवला. शेवटी सगळे एकच म्हणायचे: फरक मूठभर मतांचा असेल. माणसाने दिलेला शब्द हा मुद्दा कुणाच्याच यादीत नव्हता.

टीव्हीवाले पेंडीच्या दुकानापर्यंत आले. एका मुलीने क्लेटसच्या तोंडासमोर माइक धरला आणि विचारले, "तुमचं मत कशावर ठरणार?"

"या ऑर्लिनवर," क्लेटस म्हणाला. "तो ज्याला देईल त्याच्या विरुद्ध."

ती हसली नाही. तिने ते नीट लिहून घेतले. माझ्यात बसल्यावर क्लेटसला हसता हसता ठसका लागला. ऑर्लिन मात्र हसला नाही, त्याने रेडिओचा आवाज वाढवला. मला तेव्हाच काही कळायला हवे होते.

त्या शरदात क्लेटस गोठ्याच्या माळ्यावरून पडला आणि पाय मोडून बसला. तो विधुर, घरी एकटा. ऑर्लिन आणि त्याची बायको आर्डिस रोज सकाळ-संध्याकाळ रस्ता ओलांडून त्याच्या गाई पिळत. आर्डिस भांडेभर गरम जेवण झाकून न्यायची. क्लेटस तिला म्हणायचा, "अगं, इतकं खायला घालू नकोस. प्लास्टर फुटेल." ऑर्लिन वाईट माणूस नव्हता, मित्रांनो. वाईट माणसाने फसवले तर मन इतके दुखत नाही.

क्लेटसने पोस्टाने मत मागवले. असे मत पाकिटात बंद करताना साक्षीदाराची सही लागते. ती सही ऑर्लिननेच केली, माझ्या बॉनेटवर पाकीट ठेवून. पेनाचे टोक मला पत्र्यावर जाणवले. क्लेटसने पाकिटाची कड जिभेने ओली केली, दाबली आणि खिशात ठेवले.

निवडणुकीच्या आदल्या दिवशी ऑर्लिन माझ्यातून क्लेटसच्या फाटकाशी गेला. क्लेटस कुबड्यांवर उभा होता.

"उद्या ऊन आहे," तो म्हणाला. "परवापासून बर्फ म्हणतायत. तुझा मका उभा, माझाही उभा."

"काढतो ना. मत देऊन आलो की लागतो."

"आणि अर्धा दिवस रांगेत घालवतोस? यंदा सगळा गाव लोटणार. तू माझ्या मक्यासाठी राबायचं, आणि मी घरात बसून तुझं मत पुसायचं, हे बरं दिसत नाही रे."

"मग काय म्हणतोस?"

"तू जाऊ नकोस. मीही हे पाठवत नाही. घरबसल्या फिट्टंफाट!"

ऑर्लिनने स्टीअरिंगवरची धूळ अंगठ्याने पुसली. मग म्हणाला, "चालेल."

"शब्द?"

"शब्द."

खिडकीतून दोन हात एकमेकांत आले. ते माझ्या दारावर टेकले होते, म्हणून मला त्यांचे वजन कळले. क्लेटसने खिशातून पाकीट काढून आत दिले. "हे तूच ठेव. टेबलावर राहिलं तर मला मोह होईल. पोस्टमन रोज दारात येतो." ऑर्लिनने ते माझ्या समोरच्या कप्प्यात ठेवले आणि झाकण लावले. माझ्या त्या कप्प्यात तोवर नट आवळायचे पाने, हातमोजे आणि खिळेच पडलेले असत. कुणाचे मत कधी ठेवले नव्हते. मी मनातल्या मनात ते झाकण घट्ट धरून बसले.

मंगळवारी खरेच लख्ख ऊन पडले. ऑर्लिनने आधी क्लेटसचा मका काढायला घेतला. मी बांधावर उभी होते. दुपारी तो जेवायला माझ्यात येऊन बसला, हॅमचे सँडविच उलगडले आणि रेडिओ लावला. रेडिओ ओरडत होता की अजून वेळ आहे, एकेक मत मोलाचे आहे, निकाल तुमच्या राज्याच्या हातात आहे. ऑर्लिनने रेडिओ बंद केला. मग पुन्हा लावला. सँडविच अर्धेच खाल्ले. हात पँटला पुसले आणि चावी फिरवली.

मला वाटले, मका काढायच्या यंत्राचा एखादा पट्टा तुटला असेल, दुकानात जायचे असेल. मी पहिल्या चावीला चालू झाले.

तो नेहमीच्या रस्त्याने गेला नाही. त्या रस्त्यावर क्लेटसची खिडकी होती. तो ओढ्यामागच्या कच्च्या वाटेने गेला. ताकाला जायचे आणि भांडे लपवायचे, अशातली गत. सभागृहाचा कौलारू माथा दिसला तेव्हा माझ्या लक्षात आले, आणि तेव्हा माझ्या हातात काय होते? गाडीला ब्रेक असतात, पण ते माणसाच्या पायाखाली असतात.

त्याने मला खिडकीखाली उभे केले. आत शेगडी तापली होती म्हणून खिडकी उघडी होती. टेबलाशी आर्डिस बसली होती. दर निवडणुकीला ती तिथे मतदारांची नावे विचारायला बसते. त्या दोघांतल्या शब्दाचे तिला काहीच माहीत नव्हते.

"नाव आणि पत्ता?" तिने विचारले.

"आर्डिस, काय चेष्टा करतेस."

"मोठ्यानं सांगायचं. नियम सगळ्यांना सारखा. नवरा असलास म्हणून काय झालं?"

लोक हसले. ऑर्लिनने नाव सांगितले, पत्ता सांगितला. आपले नाव तो इतक्या हलक्या आवाजात सांगताना मी कधी ऐकले नव्हते. थोड्या वेळाने पुन्हा आर्डिसचा आवाज आला.

"क्लेटसचं पाकीट काही अजून आलं नाही. पोस्टात अडकलं की काय? संध्याकाळी दार बंद व्हायच्या आत आलं तर मोजता येईल."

"येईल," ऑर्लिन म्हणाला.

"आणि हा घे. 'मी मत दिले' चा स्टिकर. त्याच्यासाठीही एक घेऊन जा. बिचारा दर वेळी छातीवर लावून मिरवतो."

ऑर्लिन बाहेर आला. माझ्यात बसला. त्याचा हात कप्प्याच्या झाकणापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. मग त्याने दोन्ही स्टिकर पेपरमिंटच्या गोळ्या ठेवतो त्या राखदाणीत कोंबले आणि मला परत शेतावर आणले. अंधार पडायच्या आत त्याने दोघांचाही मका काढून टाकला. क्लेटसच्या शेतात एक कणीस मागे राहिले नाही. मित्रासाठी इतके राबणारा माणूस आणि तो हलका आवाज, या दोन्ही गोष्टी एकाच दिवसाच्या. मला त्यांचा मेळ अजून घालता आलेला नाही.

पुढचे काही दिवस मोजणी चालली. जो जिंकायचा तो जिंकला. आमच्या राज्यातला फरक खरोखरच चिमूटभर होता. जाणकार पुन्हा रेडिओवर आले आणि आपापले मुद्दे घेऊन भांडले. आमच्या गावाचा आकडा सभागृहाच्या दारावर लागला, आणि तो वाचून सगळा गाव हसत सुटला. प्लम हॉलोत ऑर्लिनचा उमेदवार एका मताने पुढे होता.

शुक्रवारी संध्याकाळी गाव तळलेले मासे खायला जातो. ऑर्लिन क्लेटसला न्यायला गेला. क्लेटस कुबड्या मागे टाकून आपल्या खड्ड्यात बसला. तो मजेत होता.

"एका मतानं! ऐकलंस का? बघ, बरं झालं आपण नव्हतो. आपण असतो तरी एकाचाच फरक राहिला असता. उगाच माझी जीभ चालली असती, तुझे कान."

ऑर्लिनने गिअर बदलला.

"ते पाकीट दे माझं. चौकट करून भिंतीला लावतो. खाली लिहितो, ऑर्लिनच्या मक्याला अर्पण." असे म्हणत त्याने सवयीने पेपरमिंटसाठी राखदाणी ओढली. गोळीला चिकटून दोन्ही स्टिकर वर आले.

ऑर्लिनने मला कडेला थांबवले. इंजिन चालू होते, म्हणून मला थरथर लपवता आली.

"हे कुणाचे?" क्लेटसने विचारले.

"आर्डिसनं दिले."

"दोन?"

"एक तुझ्यासाठी."

क्लेटसने दोन्ही स्टिकर गुडघ्यावर ठेवून बोटाने सरळ केले.

"तू गेलास."

"एका मतानं काय होतंय रे क्लेटस. सगळा देश मत देतोय."

"मग गेलास कशाला?"

ऑर्लिनने रेडिओकडे बोट केले. तो म्हणाला, "रेडिओवर सारखं तेच. मला राहवलं नाही."

"मलाही राहवत नव्हतं," क्लेटस म्हणाला. "म्हणून तर तुझ्याकडे दिलं." मग त्याने माझ्या कप्प्याकडे बोट केले. "ते इथं होतं ना? तू आत गेलास तेव्हा इथंच होतं?"

"हो."

"दारापर्यंत नेलंस. मतपेटीच्या दारापर्यंत माझं मत नेलंस आणि तसंच परत आणलंस. अरे, राहवलं नाही तर जायचं होतंस. पाकीट उचलून बायकोच्या हातात द्यायचं होतंस. फिट्टंफाट झालं असतं. मी शब्दसुद्धा काढला नसता."

ऑर्लिनने मान खाली घातली. क्लेटसने दार उघडले, एक कुबडी घेतली, मग दुसरी.

"पाकीट तरी घे," ऑर्लिन म्हणाला.

"राहू दे. तुझ्याकडे ठेवायला दिलं होतं. ठेव." तो उतरला. कुबड्यांचा आवाज डांबरावर बराच वेळ ऐकू येत होता. ऑर्लिनने मला त्याच्या मागून हळूहळू चालवले, दिवे लावून, त्याला वाट दिसावी म्हणून. क्लेटसने एकदाही मागे पाहिले नाही.

मित्रांनो, केसाने गळा कापणे म्हणतात ते हेच. माझा कप्पा म्हणजे एका माणसाचा दुसऱ्यावरचा विश्वास होता आणि मी त्याचे झाकण होते. माझ्याच चाकांवरून तो विश्वास त्या दारात नेला आणि माझ्याच कप्प्यात परत आणला. मला कुणी विचारले नाही. गाडीला विचारत नाहीत हे मला ठाऊक आहे. पण ज्याने सगळ्या गावात माझी आणि आपल्या शब्दाची एकत्र साक्ष दिली, त्याने निदान मला तरी या भानगडीत ओढायला नको होते.

पुढे ऑर्लिनने नवी गाडी घेतली. चांदीच्या रंगाची, मऊ गाद्यांची. लोकांना सांगतो, जुनीचा पत्रा गेला. खरे कारण मला माहीत आहे. त्याला माझ्या गादीतला क्लेटसचा खड्डा बघवत नाही. त्याने मला गोठ्यामागे रानगवतात आणून सोडले. पेंडीच्या दुकानात तो आता आपल्या शब्दाबद्दल बोलत नाही, असे कोंबड्यांना दाणे टाकताना आर्डिस स्वतःशी पुटपुटली होती.

आर्डिसला सगळे फार उशिरा कळले. एके दिवशी ती गोठ्यामागे आली, माझा कप्पा उघडला, पाकीट बाहेर काढले. साक्षीदाराच्या जागी नवऱ्याची सही वाचली. ऑर्लिन मागे येऊन उभा होता.

"तू नेऊन दे ना त्याला," तो म्हणाला. "तुझ्याशी बोलतो तो."

"मी?" आर्डिस म्हणाली. "मी त्या टेबलाशी बसून विचारलं होतं, त्याचं पाकीट कुठंय. तू मला म्हणालास, येईल. आता तूच ने." तिने ते परत ठेवले आणि झाकण इतक्या जोरात लावले की माझा आरसा गळून पडला.

आता निवडणुकीच्या दिवशी तीच क्लेटसला आपल्या छोट्या गाडीतून घेऊन जाते. तिचे मत हत्तीला की गाढवाला हे तिने लग्नापासून कुणालाच सांगितलेले नाही. एकदा ते दोघे माझ्या जवळून गेले तेव्हा क्लेटस विचारत होता, "अगं आर्डिस, आपलं फिट्टंफाट होतं की नाही, एवढं तरी कळू दे." ती म्हणाली, "केक खा आणि गप्प बस." तो हसला, पण पूर्वीसारखा ठसका लागेपर्यंत नाही.

ऑर्लिन अधूनमधून माझ्याकडे येतो. स्टीअरिंगमागे नाही बसत. दुसऱ्या बाजूने चढतो आणि क्लेटसच्या खड्ड्यात बसतो. उंच माणूस तो, त्या खड्ड्यात मावत नाही. कप्पा उघडतो, पाकिटाकडे बघतो, बंद करतो आणि जातो.

मित्रांनो, मला धुवा, रंगवा, दुरुस्त करा असे मी तुम्हाला म्हणणार नाही. माझे जे व्हायचे ते झाले. एवढेच सांगते, की कुणी आपली वस्तू तुमच्याकडे ठेवायला दिली, तर ती वस्तू छोटी की मोठी, एकाची की हजारांतली, याचा हिशेब करत बसू नका. ज्याची आहे त्याला परत द्या. ते मत आता कुणी मोजणार नाही. पण क्लेटसचे फाटक रस्त्याच्या पलीकडेच आहे. तिथे जायला गाडी लागत नाही.